दिवसभर बसायच्या खुर्च्या: सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसातला अनुभव

निकाल आधी सांगते, कारण खुर्ची शोधणाऱ्याची कंबर आधीच दुखत असते. सोलापुरात दिवसाचे आठ-दहा तास टेबलावर काम करणार असाल तर जाळीची पाठ, कापडाचं कव्हर असलेली फोमची सीट आणि इथल्याच मिस्त्रीला खोलता येईल अशी खालची यंत्रणा, एवढं ज्या खुर्चीत आहे ती घ्या. रेक्झिनची घेऊ नका, मग ती कितीही भारदस्त दिसो. सीटलाही जाळीच लावलेली स्वस्तातली खुर्ची घेऊ नका. डोकं टेकायची उशी, चारी बाजूंनी फिरणारे हँडल, पाय पसरायची फळी यांचा विचार सर्वांत शेवटी.

मी जीएसटी आणि हिशेबाचं काम करते. ऑफिसात मला धरून सहा जण. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, सुताचे व्यापारी, मार्केट यार्डातले दोन-तीन अडते हे आमचे गिऱ्हाईक. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी ही जीएसटीची विवरणं, जुलै उजाडला की आयकराच्या रिटर्नची गर्दी. या तारखा जवळ आल्या की आमच्याकडे चहासुद्धा जागेवरच येतो. त्यामुळे खुर्ची हे आमचं हत्यार आहे, जसा यंत्रमागवाल्याचा माग. 2014 मध्ये ऑफिस सुरू झालं तेव्हापासून इथे चार तऱ्हेच्या खुर्च्या आल्या. काही अजून कामाला आहेत, काही भंगारात गेल्या.

पहिली काळी, रेक्झिनची, उंच पाठीची. दुकानात तिला बॉस चेअर म्हणतात. उद्घाटनाला भावाने भेट दिली होती. दिसायला सुरेख, पहिल्या हिवाळ्यात बसायलाही छान. पण सोलापूरचा उन्हाळा मार्चमध्येच अंगावर येतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला तरी इथे कुणी दचकत नाही. अशा दुपारी वीज गेली की रेक्झिनवर बसलेल्या माणसाचा सदरा पाठीला आणि पाठ खुर्चीला चिकटते. एसी चालू असला तरी मांडीखाली आणि कमरेजवळ हवा खेळायला जागाच नसते. माणूस मग दर दहा मिनिटांनी पुढे सरकतो, पाठ मोकळी करतो आणि सीटच्या कडेवर बसून काम करायला लागतो. एवढी उंच मऊ पाठ मागे रिकामी उभी राहते. कंबर दुखायला सुरुवात इथूनच होते.

टिकण्याचं म्हणाल तर तिसऱ्या उन्हाळ्यात तिची पापुद्र्यांची सालं निघायला लागली. आधी डोकं टेकतं तिथे, मग हँडलवर, मग सीटच्या पुढच्या कडेला. दुकानदार ज्याला लेदर म्हणतो ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. उष्णता, हवेतला ओलावा, घाम आणि केसांचं तेल यांनी तो थर कमकुवत होतो आणि कापडापासून सुटतो. एकदा सुटायला लागला की कुठलाही गोंद त्याला थांबवत नाही. पीव्हीसीचं रेक्झिन असेल तर त्याची अशी सालं निघत नाहीत, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, ते कडक होतं आणि शिवणीवर फाटतं. आमच्याकडच्या एका मुलीच्या पांढऱ्या कुर्त्याला काळे कण चिकटायचे, ती खुर्चीवर ओढणी पसरून बसायची.

आयकरात फर्निचरवर वर्षाला 10 टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे 8,000 रुपयांची खुर्ची तीन वर्षांनी वहीत 5,832 रुपयांची असते. मी स्वतः ही नोंद लिहिते, आणि खुर्चीचा खर्च मोजताना तिच्यावर अजिबात विसंबत नाही. वहीत पाच हजारांवर किंमत दिसत असताना प्रत्यक्षात आम्ही नवीन कव्हर चढवायचे दोन हजार मोजत होतो. वॉरंटीचा कागद काढला तर त्यात लिहिलं होतं की कव्हर, फोम आणि चाकं सोडून बाकी सगळ्याला हमी. खुर्चीत या तिन्ही वस्तूच सर्वांत आधी जातात. ज्या दुकानातून ती आली होती तिथल्या माणसाने फोनवर शांतपणे सांगितलं, "मॅडम, घामाचं काही करता येत नाही." त्याचं बोलणं खरं होतं, पण ते विकताना सांगायला हवं होतं.

रेक्झिनची खुर्ची घरात असेलच आणि टाकवत नसेल तर एक उपाय सोलापुरात फार सोपा आहे. सरकारी ऑफिसांत साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल असतो, त्यामागे मानाचा भाग असेल, पण मला त्यात उन्हाळ्याची सोयही दिसते. टेरी टॉवेलचे उभे धागे घाम शोषतात आणि अंग व रेक्झिन यांच्यात थोडी हवा ठेवतात. नुसता टॉवेल टाकला तर तो घसरून मागे गोळा होतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने सेकंडच्या मालातले जाड टॉवेल दिले, युनिफॉर्म शिवणाऱ्या एका बाईंनी त्यांना खालून इलॅस्टिक लावून सीटची आणि पाठीची कव्हरं शिवून दिली. आठवड्याला धुतात, रंग जात नाही. बाहेरगावाहून आलेली माणसं मॉलमधल्या महागड्या कुशनसाठी हजार-दीड हजार घालतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण या कामाला जो कपडा सर्वांत चांगला तो आपल्याच गावात विणला जातो.

दुसरा प्रकार म्हणजे जाळीच्या पाठीची, मध्यम उंचीची खुर्ची. गावातल्याच एका कारखानदाराने जोडलेली, सुटे भाग बाहेरून आणून. अशा चार घेतल्या, एकीला साधारण साडेचार हजार पडले. आमच्या ऑफिसचा खरा भार यांच्यावर आहे आणि माझी शिफारसही यांचीच आहे, काही अटींसह.

जाळीची गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे. 1994 मध्ये अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीने एरॉन नावाची खुर्ची काढली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी ती घडवली. तिच्यात फोम काढून टाकून सीटला आणि पाठीला खास ताणलं जाणारं विणलेलं कापड लावलं होतं. पुढे जगभर जाळीच्या खुर्च्यांची जी लाट आली ती तिच्यामागून. पण ते कापड भार पेलून पुन्हा पूर्ववत होण्यासाठी विणलेलं असतं. आपल्याकडे चार-पाच हजारांच्या खुर्चीला लागते ती साधी पॉलिस्टरची जाळी. पाठीला ती पुरते, कारण पाठीचा भार कमी असतो. सीटला लावली की वर्षभरात मध्ये झोळ पडतो, माणूस खाली बसतो आणि चौकटीची पुढची कडक कड मांडीखाली रुतते. पाय बधिर होतात ते त्यामुळे. म्हणून पाठ जाळीची, सीट फोमची.

फोममध्येही फरक असतो. मोठ्या लादीतून कापून काढलेला फोम स्वस्त असतो. साच्यात ओतून केलेला फोम सीटच्या आकारातच तयार होतो, त्याची कड गोल उतरती असते आणि तो बसका होत नाही. दुकानात घनता विचारा, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. आमच्या चारपैकी दोन खुर्च्यांना कारखानदाराने 32 चा लादीचा फोम घातला होता, दोघींना 50 चा साच्यातला. पहिल्या दोन दीड वर्षात इतक्या बसक्या झाल्या की खालची प्लायवूड लागायची. दुसऱ्या दोन अजून शाबूत आहेत. फरक एका खुर्चीमागे चारशे रुपयांचा होता. नंतर त्या दोघींनाही तोच फोम घालून घेतला. फोम किती मऊ यावर जाऊ नका. दुकानात पहिल्या मिनिटाला जी सीट गादीसारखी वाटते ती संध्याकाळी सहाला सर्वांत जास्त त्रास देते. थोडी घट्ट वाटणारी सीटच दिवसभर साथ देते.

उंचीचा प्रश्न मात्र मला दुकानदारांच्या बोलण्यात कधी ऐकू आला नाही, आणि बायकांना सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. आमच्याकडे काम करणारी एक मुलगी पाच फुटांना जरा कमी आहे. तिच्या पायाची लांबी, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत, मी टेपने मोजली. 38 सेंटीमीटर भरली. खुर्ची सर्वांत खाली आणली तरी सीट 44 वर. वर आपली टेबलं 75 सेंटीमीटरची, त्यामुळे की-बोर्डवर हात नीट पोचावेत म्हणून ती खुर्ची आणखी वर घ्यायची. मग पाय अधांतरी. पाय लोंबकळले की सीटची कड मांडीच्या मागच्या भागावर दाबते, घोट्याला सूज येते. ती बिचारी सीपीयूच्या खोक्यावर पाय ठेवून बसायची. आम्ही दोन गोष्टी केल्या. मिस्त्रीकडून तिच्या खुर्चीला कमी उंचीचं हायड्रोलिक, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारी मधली नळी, बसवून घेतलं, आणि सुताराकडून चार इंच उंच, पुढे उतरता असा लाकडी पाट करून घेतला. पाटाचे तीनशे रुपये गेले. आता बाकीच्यांनीही तसेच पाट मागितलेत. सीटची खोलीही बघा. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. उंच माणसासाठी केलेल्या खोल सीटवर बुटका माणूस पाठ टेकवूच शकत नाही, मग कंबरेचा आधार असून नसून सारखाच.

आता मिस्त्रींबद्दल, कारण या परीक्षणात जास्तीत जास्त तारे मी त्यांनाच देईन. आमचे मिस्त्री अशोक चौकाच्या बाजूने येतात, घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी ठसठशीत सोलापुरी. मोटारसायकलला दोन पिशव्या, एकीत पाईप पाना, हातोडा, ॲलन कीचा जुडगा, दुसरीत चाकं, बोल्ट, दोन-तीन हायड्रोलिक. खुर्ची आपोआप खाली बसायला लागली की लोकांना वाटतं खुर्ची गेली. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "खुर्ची चांगली हाय की ओ ताई, हायड्रोलिक उतरलंय फक्त."

नावाने हायड्रोलिक असलं तरी उंची पेलतो तो वायू. नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, आतलं रबरी सील झिजलं की वायू निसटतो आणि खुर्ची धरत नाही. ही नळी खुर्चीला कुठल्याही स्क्रूने बसवलेली नसते. तिची दोन्ही टोकं किंचित निमुळती असतात, वरचं सीटखालच्या यंत्रणेच्या भोकात आणि खालचं चाकांच्या पायाच्या भोकात, आणि बसणाऱ्याच्या वजनानेच ती तिथे घट्ट रुतते. म्हणून काढताना पाईप पान्याने फिरवून, हातोड्याचे ठोके देऊन सोडवावी लागते. ही मापं बहुतेक कंपन्यांची सारखीच असतात, त्यामुळे एका खुर्चीचं हायड्रोलिक दुसरीला चालतं. आमच्याकडे नवीन हायड्रोलिक मजुरीसह सहा-सातशेत बसतं आणि खुर्ची पुढची काही वर्षं चालते. हे माहीत नसल्याने किती चांगल्या खुर्च्या भंगारात जातात ते भंगारवाल्याच्या दारात उभं राहिलं की दिसतं.

एक इशारा मात्र कळकळीने देते. उतरलेल्या हायड्रोलिकला वेल्डिंग करून एका उंचीवर पक्कं करून देतो असं सांगणारा भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. आत दाबाखाली वायू उरलेला असू शकतो, तापवलं किंवा भोक पाडलं तर ती नळी फुटते. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते डोळे मोठे करून म्हणाले, "मशिन लावायचं नाही ओ त्याला, जीव जाईल माणसाचा." तात्पुरतं भागवायचं असेल तर पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा चिरून वरच्या चकचकीत रॉडभोवती बसवतात, खुर्ची त्या उंचीवर टेकून राहते. नवीन भाग येईपर्यंत हे चालतं.

चाकांचा त्रास सोलापुरात जास्त, असं माझं निरीक्षण आहे, आणि त्याचं कारण दोरे. आमच्याकडे गिऱ्हाईक सँपलचे गठ्ठे घेऊन येतात, जमिनीवर सुताचे तुकडे पडतात, त्यात बायकांचे केस. हे सगळं चाकाच्या आसाभोवती गुंडाळलं जातं आणि चाक फिरायचं थांबतं. मग माणूस खुर्ची ढकलायला जोर लावतो, आणि पायाची नळी किंवा चाकाची दांडी तुटते. महिन्यातून एकदा खुर्ची आडवी करून कात्रीने दोरे कापून काढायचे, एवढंच काम आहे. आमच्याकडची नायलॉनची कडक चाकं मी बदलून पॉलियुरेथेनची मऊ घेतली. कडक चाकं गालिच्यासाठी बरी. शहाबादी फरशीवर ती खडखडतात, सांध्यांत अडकतात, गुळगुळीत टाइल्सवर ओरखडे काढतात. चाकाची दांडी सहसा 11 मिलिमीटरची असते, ओढली की निघते, दाबली की बसते. याला मिस्त्रीही लागत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या फक्त दोन आहेत. पुण्यातल्या आयटी कंपन्या ऑफिस बदलताना जुन्या खुर्च्या काढतात, त्या व्यापारी घेतात, साफ करून विकतात. मूळ किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळतात. मी स्वतः अशा एका खुर्चीवर बसते आणि आरामाच्या बाबतीत तिच्यासमोर बाकीच्या सगळ्या फिक्या आहेत. फरक टिल्टचा आहे. साध्या खुर्चीत मागे रेललं की सीट आणि पाठ एकत्र उलटतात, पुढची कड वर येते, पाय जमिनीवरून सुटतात. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ जास्त मागे जाते आणि सीट थोडीच, साधारण दोनास एक या प्रमाणात. पाय जमिनीवर राहतात, पोट दबत नाही.

रेलण्याला आळस समजणारे आमच्या धंद्यात बरेच आहेत. मला कमरेचा त्रास झाला तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की दिवसभर ताठ बसणं हीच शिक्षा आहे. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. त्यांच्या मोजणीत आधाराशिवाय बसल्यावर चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला, पुढे वाकून बसल्यावर त्याहून जास्त. मागे रेलून पाठीला आधार दिला की तो कमी होतो. तेव्हापासून फोन आला की मी रेलते, आणि ऑफिसातल्या मुलांनाही टिल्टचं लॉक काढून ठेवायला सांगते. बहुतेक ऑफिसांत ते लॉक खुर्ची आली त्या दिवसापासून लावलेलंच असतं. सीटखाली जी मोठी गोल मूठ असते ती फिरवून आपल्या वजनाप्रमाणे ताण बसवायचा असतो, हेही अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

या पुण्याच्या खुर्च्यांची अडचण सुट्या भागांची. हँडलवरची गादी फाटली तेव्हा ती सोलापुरात मिळाली नाही, व्यापाऱ्याला फोटो पाठवून ट्रॅव्हल्सच्या गाडीने मागवावी लागली. टिल्टची वायर गेली तेव्हा मिस्त्रींनी मोटारसायकलच्या क्लचची वायर बसवली आणि ती उत्तम चालते. पण सगळ्या ऑफिससाठी अशाच खुर्च्या घ्या असं मी सांगणार नाही. जो माणूस सर्वांत जास्त वेळ बसतो त्याच्यासाठी एक घ्यावी, आणि घेण्याआधी तीवर पाच मिनिटं बसून ती खाली उतरते का ते पाहावं.

चौथी माझ्या सासऱ्यांची सागवानी खुर्ची, वेताने विणलेली. ती कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी आहे. मे महिन्यात ऑफिसात शिरणारा प्रत्येक माणूस सोफा सोडून तिच्याकडे जातो. दोन्ही बाजूंनी हवा खेळते, लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं, वेत सैल झाला तर पुन्हा विणता येतो. संगणकावर काम करायला मात्र ती बरी नाही. उंची बदलत नाही, हात टेबलाला अडतात.

गेमिंग चेअरबद्दल विचारणारे तरुण भेटतात. तीही रेक्झिनच, दोन्ही बाजूंच्या उंच कडांमुळे मांडी घालून बसता येत नाही. आपल्याकडे अर्धी माणसं दुपारनंतर खुर्चीवर एक पाय दुमडून घेतातच. सोलापूरच्या हवेला ती नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तासभर बसावं, दिवसभर नाही.

खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला खुर्ची उलटी करायला सांगा. खालून बघितल्याशिवाय मी खुर्ची घेत नाही. सीटची फळी दाबून केलेल्या प्लायवूडची आहे की भुशाच्या पार्टिकल बोर्डची, हे कडेवरून कळतं. हँडलचे बोल्ट त्या फळीत बसवलेल्या नटमध्ये जातात. उठताना आपण हँडलवर जोर देतो, भुशाची फळी असेल तर तो नट भोकासकट निघतो आणि मग ते हँडल परत कधी घट्ट होत नाही. पाठ सीटला कशाने जोडली आहे तेही बघा. जाड लोखंडी पट्टी स्वतंत्र असेल तर उत्तम. नुसत्या दोन हँडलांच्या आधारावर पाठ उभी असेल तर सगळा भार त्या चार बोल्टांवर येतो, आणि वर्षभरात पाठ डुलायला लागते. पाया पाच नळ्यांचा हवा. नायलॉनचा असेल तर मधल्या गोल भागावर बारीक तडे नाहीत ना ते बघा, जड माणसासाठी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा घ्या. हायड्रोलिकच्या नळीवर क्लास 3 किंवा 4 असं लिहिलेलं असतं. 4 ची नळी जास्त जाड भिंतीची, ती मागून घ्या. भाव फार वाढत नाही.

बिफमाचा स्टिकर हल्ली प्रत्येक खुर्चीवर दिसतो. बिफमा ही अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना, 1973 मध्ये स्थापन झालेली. ऑफिसच्या खुर्च्यांसाठीचं तिचं मानक एक्स 5.1. त्यातल्या एका चाचणीत सीटवर 57 किलोचं वजन एक लाख वेळा सोडतात. चाचणी कडक आहे आणि तिला मान द्यायलाच हवा. फक्त विकणाऱ्याला याच मॉडेलचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा म्हणावं. मी मागितला तेव्हा एकाने लगेच मोबाइलवर पाठवला, दुसऱ्याने स्टिकरवर बोट ठेवलं. आणि ही चाचणी खुर्ची मोडते का एवढंच सांगते. मेच्या दुपारी तिच्यावर बसवतं का, हे तुम्हालाच बसून ठरवायचं आहे. शक्य असेल तर दुपारी जा, पंख्याखालून बाजूला ओढून बसा, पंधरा मिनिटं बसा. नव्या पेठेतल्या दुकानांत गर्दीच्या वेळी हे जमत नाही, सकाळी जाणारा माणूस थंड खुर्ची बघून येतो.

बिल पक्कं घ्या. ऑफिसच्या खुर्च्या एचएसएन 9401 मध्ये, म्हणजे जीएसटीतल्या मालाच्या त्या वर्गात, येतात, कर 18 टक्के. तुमची नोंदणी असेल आणि तुमच्या सेवेवर कर लागत असेल तर तो परत वजा मिळतो. कच्च्या बिलावर दोन-चारशे कमी घेणारा दुकानदार तुम्हाला स्वस्त पडत नाही, आणि वॉरंटी मागायला गेलं की बिलच लागतं. त्या वॉरंटीत हायड्रोलिक आणि टिल्टची यंत्रणा किती वर्षं, हे बिलावरच लिहून घ्या.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगा नवीन येतोय, सहा फुटांच्या जवळपास उंच. त्याच्यासाठी त्याच कारखानदाराला ऑर्डर दिली आहे: जाळीची पाठ जरा उंच, 50 चा साच्यातला फोम, प्लायवूडची फळी, लोखंडी पाया, क्लास 4, मऊ चाकं. पाच हजार सहाशे अधिक कर. मिस्त्रींनी यादी वाचली आणि बोल्टांना लॉक वॉशर घालायला सांगा म्हणाले, तेही खाली लिहून दिलं आहे.